हा नंबर माझा नाही

शिट्टीताईला दुसरं सिमकार्ड हवं होतं ते निव्वळ डोक्याला शांतता म्हणून. जलतरण तलावावर ती लहान मुलांना आणि बायकांना पोहायला शिकवायची, आणि तिचा एकुलता एक नंबर गावभर झाला होता. सकाळी ती दात घासत असताना कोणाची तरी आई विचारायची, आज पाणी फार गार आहे का. दुपारी घास तोंडात असताना कोणाचे तरी बाबा विचारायचे, आमची छकुली पाय नीट मारते ना. शिकवणीचा नंबर वेगळा ठेवावा आणि संध्याकाळी तो बंद करून कपाटात टाकून द्यावा, एवढीच तिची इच्छा.

शिट्टीताई हे नाव मुलांनी पाडलेलं. गळ्यातली शिट्टी काढायला ती नेहमी विसरायची आणि तशीच बाजारात, बँकेत, लग्नाच्या मांडवातही जायची. हळूहळू मोठ्या माणसांनीही तेच नाव उचललं. वय पंचेचाळीसच्या आसपास, खांदे रुंद, चाल दणदणीत आणि आवाज असा की खोल पाण्याच्या टोकाला गटांगळ्या खाणाऱ्यालाही स्पष्ट ऐकू जावा.

फोनचं दुकान दोन खुर्च्या मावतील एवढंच होतं. काउंटरमागच्या मुलीने ओळखपत्र घेतलं, नंबर टाकला आणि अंगठ्याचं यंत्र पुढे सरकवलं. यंत्र काही केल्या अंगठा घेईना. ताईने तो ट्रॅकसूटला पुसला, फुंकर मारली, पुन्हा ठेवला. शेवटी एकदाचा दिवा हिरवा झाला, पण मुलीच्या कपाळाला आठी पडली.

"मावशी, तुमचा कोटा भरलाय."

"कसला कोटा?"

"एका माणसाच्या नावावर नऊ सिमकार्डं घेता येतात. तुमची नऊ झालीत."

ताईला हसूच आलं. तिने सांगितलं की तिला एक फोन धड सांभाळता येत नाही, मागच्याच महिन्यात तो खिशात ठेवून ती पाण्यात उतरली होती. नऊ फोनांचं ती काय करणार, लोणचं? मुलगी मात्र हसली नाही. तिने ताईच्याच फोनवर सरकारी संकेतस्थळ उघडून दिलं, फोनवर आलेला पडताळणीचा आकडा टाकायला लावला, आणि एकाखाली एक नऊ नंबर समोर आले. प्रत्येकापुढे तीन चौकटी होत्या. माझा आहे. माझा आहे पण गरज नाही. हा नंबर माझा नाही.

पहिला तिचा स्वतःचा. दुसरा नवऱ्याचा, तो घेतला तेव्हा त्याची कागदपत्रं आधीच्या नोकरीच्या कारखान्यात अडकली होती म्हणून तिच्या नावावर लागलेला. तिसरा सासूबाईंचा. चौथा तिचाच जुना, फोन हरवला तेव्हा त्याच्याबरोबर गेलेला. उरलेले पाच नंबर तिने जन्मात पाहिले नव्हते.

तिने तिथेच उभ्या उभ्या ते फिरवायला सुरुवात केली. दोन बंद होते. तिसरा वाजून वाजून थांबला. चौथा लगेच उचलला गेला.

"हां, बोला बाई. झाला का विचार?"

पुरुषाचा आवाज होता. दरडावणारा नाही, उलट समजूतदार, एखादा ओळखीचा कारकून खिडकीपलीकडून बोलतो तसा. ताई काहीच बोलली नाही. त्याला वाटलं, पलीकडची बाई रडत असावी.

"रडून काय होणार? मुलगा घरी यायला पाहिजे ना तुमचा? साहेबांनी एकदा सही केली की माझ्या हातात काही उरत नाही. आणि घरात कोणाला सांगू नका, मुलाचीच बदनामी होईल."

ताईला मूल नव्हतं. लग्नानंतरची बरीच वर्षं दवाखान्यांत घालवून झाल्यावर नवरा-बायकोने तो विषय गुंडाळून ठेवला होता, आणि तिने दुसऱ्यांची पोरं पाण्यावर तरंगवण्यात स्वतःला झोकून दिलं होतं. तरीही ते वाक्य ऐकताच तिला तसंच झालं, पोरांची डोकी मोजताना एक कमी भरलं की होतं तसं.

"कोणाचा मुलगा?" तिने विचारलं.

पलीकडून फोन कट झाला. पुन्हा लावला तर बंद.

काउंटरवरच्या मुलीने सगळं ऐकलं होतं. ती हळू आवाजात म्हणाली की हल्ली असले फोन फार येतात. तुमचा मुलगा पोलिसांनी पकडलाय, सोडवायचा असेल तर ताबडतोब काय असतील ते पैसे पाठवा, असं सांगून आईबापांना घाबरवतात. आपल्या नावाचं सिमकार्ड कोणी वापरत नाही, दुसऱ्याचंच वापरतात.

"आणि पकडलं कोण जातं?"

"ज्याचं नाव असतं तो," मुलगी म्हणाली. "आधी घरी विचारून घ्या मावशी. बहुतेक जण घरी विचारून येतात."

"नाव माझं आहे ना? मग घरी काय विचारायचं?"

आणि शिट्टीताईने पाचही नंबरांपुढे एकेक करून खूण केली, हा नंबर माझा नाही. तक्रारीची पोच फोनवर आली. ती तिने जपून ठेवली आणि दुकानाबाहेर पडली.

घराकडे चालता चालता तिला सगळा उलगडा झाला. दोन वर्षांपूर्वी धाकट्या दिराने बस थांब्याजवळ सिमकार्डांची टपरी टाकली होती. छत्रीखाली एक टेबल, एक खुर्ची आणि ते यंत्र. पहिलं गिऱ्हाईक वहिनीच पाहिजे, असा त्याने हट्ट धरला होता. वहिनीचा हात लागला की धंदा चालणार, म्हणे. ती तलावावरून थेट तिथे गेली होती, बोटं सुरकुतलेली. दीर म्हणाला होता, वहिनी, पाण्याने तुमचे ठसे पार पुसून गेलेत, पुन्हा लावा. पुन्हा लावा. जरा दाबून लावा. आणि तिने मन लावून, जीभ दातांत धरून, दरवेळी आणखी नीट अंगठा लावला होता. नंतर त्याने तिला थंड पेयाची बाटली पाजली होती. टपरी सहा महिन्यांत बंद पडली, पण दिराच्या अंगावरचे कपडे तेव्हापासून सुधारत गेले. घरात सगळ्यांना वाटायचं, पोराने दलालीत जम बसवला.

तिला आठवून राग आला तो त्याच्यापेक्षा स्वतःच्या त्या आज्ञाधारक अंगठ्याचा.

संध्याकाळी दीर आला. बोलावल्याशिवाय कधी न फिरकणारा माणूस, आज बायकोलाही बरोबर घेऊन आला होता. धाकटी जाऊ आल्या आल्या स्वयंपाकघराच्या दाराशी टेकून उभी राहिली. सासूबाई पलंगावर होत्या. नवरा नुकताच कामावरून परतला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर अंधाऱ्या खोबणीत लोंबकळून आलेला माणूस घरी फारसं बोलत नसे, आणि त्याच्या हातांना वंगणाचा वास असे.

दिराने सुरुवात साखर पेरतच केली. वहिनींचा काहीतरी गैरसमज झालाय. धंद्यात तेव्हा महिन्याला अमुक इतकी सिमकार्डं खपवायची सक्ती होती, सगळेच घरच्यांच्या नावावर काढायचे. ती नंतर त्याने एका ओळखीच्याला दिली. तो पुढे काय करतो याच्याशी आपला काय संबंध? आता कंपनीकडून विचारणा झाली आहे आणि तो ओळखीचा माणूस त्याच्या मागे लागलाय. वहिनींनी फक्त पुन्हा जाऊन सांगायचं की चूक झाली, नंबर माझेच आहेत. महिन्याभरात तो स्वतः सगळी बंद करून टाकेल.

ताईने शांतपणे त्याला दुपारचा फोन सांगितला. तो आवाज, ते वाक्य, सगळं जसंच्या तसं. दाराशी उभ्या असलेल्या जावेने मान खाली घातली. दीर म्हणाला की असले फोन कोण करतं त्याला ठाऊक नाही.

 घरातलं प्रकरण घरातच मिटलं तर बरं, असं काहीसं नवरा पुटपुटला. ताईने त्याच्याकडे पाहिलं. तो हातावरचं वंगण पाहू लागला.

मग सासूबाई बोलल्या. त्या वाईट बाई नव्हत्या. ताईच्या दवाखान्याच्या वाऱ्यांत त्या तिच्याबरोबर बाकड्यांवर बसल्या होत्या. पण धाकटा लेक म्हटला की त्यांचा तोल जायचा.

"त्याला दोन लेकरं आहेत," त्या म्हणाल्या. "शाळेत जातात. उद्या बापाला नेलं तर त्यांनी तोंड कुठे दाखवायचं? बाईमाणसाला पोलीस फार त्रास देत नाहीत. आणि तुझ्या मागे कोण आहे? तुला काय फरक पडतो?"

 दिरालासुद्धा ते जास्त झालं असावं, तो "आई" म्हणाला.

ताई उठली नाही, ओरडली नाही. तलावावर दिवसभर ओरडणारी बाई घरात त्या वेळी इतक्या हळू बोलली की सासूबाईंना पुढे वाकावं लागलं.

"आई, माझ्या मागे कोणी नाही हे खरं. म्हणून तर माझं नाव तेवढं माझं एकटीचं आहे. ते मी कोणाच्या लेकराच्या अंगावर पांघरायला देणार नाही. आणि भाऊजी, त्या बाईलाही लेकरू आहे, जिला तुमचा माणूस फोन करतो. तिने तोंड कुठे दाखवायचं?"

दीर चिडला. वहिनींनी तक्रार मागे घेतली नाही तर पोलीस सगळ्यात आधी त्यांच्याच दारात येतील, नाव त्यांचं आहे, हे त्याने बोट नाचवत ऐकवलं.

"येऊ द्या," ताई म्हणाली. "पत्ता बरोबर आहे."

पोलीस दारात आले नाहीत, तलावावर आले. दोनच दिवसांनी, सकाळच्या बायकांच्या तुकडीच्या वेळी. ताई कमरेइतक्या पाण्यात उभी राहून एका आजींना पाठीवर तरंगायला शिकवत होती. आजींच्या मानेखाली तिचा हात होता आणि आजी तिला बजावत होत्या की हात काढलास तर बघ. तेवढ्यात काठावर गणवेशातल्या एक अधिकारी बाई येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी ताईचं पूर्ण नाव घेतलं आणि हातातल्या कागदावरचे आकडे वाचून विचारलं, हा नंबर तुमच्या नावावर आहे का?

पायऱ्यांवर टॉवेल गुंडाळून बसलेल्या बायका माना वळवून पाहू लागल्या. व्यवस्थापक धावत आला आणि म्हणाला, मॅडम, ऑफिसात बसून बोलू, इथे सगळ्यांसमोर नको.

ताईला क्षणभर वाटलंही, बरं होईल. मग तिला वाटलं, का? आत जाऊन दार लावून बोलायला मी काय केलंय?

"इथेच बोलू," ती पाण्यातूनच म्हणाली. "नाव माझं आहे. नंबर माझा नाही. कोणी घेतला ते मला माहीत आहे आणि मी त्याची तक्रार परवाच केली आहे. या आजींना काठाला लावते आणि आलेच."

तिने आजींना कठडा धरून दिला, अंग कोरडं केलं, ट्रॅकसूट चढवला आणि ओल्या केसांनीच अधिकारी बाईंच्या गाडीत बसली. निघताना नवऱ्याला एवढाच निरोप पाठवला की मी ठाण्यात जाते आहे, जे घडलं ते सांगणार आहे. ये म्हटलं नाही, नको येऊस असंही म्हटलं नाही.

ठाण्यातल्या लांब बाकावर एक बाई बसल्या होत्या. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. अधिकारी बाईंनी ओळख करून दिली ती अशी: या तक्रारदार, आणि नंबर यांच्या नावावर. त्या बाई कपडे शिवायच्या. मुलगा दुसऱ्या शहरात शिकायला. तो पकडला गेल्याचा फोन आला तेव्हा त्या घाबरून जिन्यावरून धावत सुटल्या आणि कोसळल्या. मोडलेल्या हातानेच त्यांनी फोनवरच्या माणसाने सांगितलं ते सगळं केलं, होतं नव्हतं ते पाठवून दिलं. मुलगा त्या वेळी वर्गात बसला होता.

शिवणवाल्या बाईंनी ताईकडे नखशिखांत पाहिलं.

"मला आवाज पुरुषाचा आला होता," त्या म्हणाल्या. "पण चार दिवस मी तुमच्या नावाने शिव्या घातल्या. मॅडमनी नाव सांगितलं होतं ना."

"घाला," ताई म्हणाली. "पण आता मी नाव सांगते, पुढच्या त्या नावाने घाला."

बाई हसल्या नाहीत, तिला माफही केलं नाही. बाकावर फक्त थोड्या सरकल्या आणि ताई त्यांच्या शेजारी बसली.

जबाब लिहून घेताना ताईने टपरी, छत्री, यंत्र, पुन्हा पुन्हा लावलेला अंगठा, सगळं सांगितलं. पोच दाखवली. ती पाहून अधिकारी बाई म्हणाल्या की ही तक्रार मागे घेतली असती तर आज आपलं बोलणं वेगळ्या सुरात झालं असतं. मग घोडं एका जागी अडलं. टपरी दिराच्या नावावर कुठेच नव्हती. परवाना नव्हता, भाड्याची पावती नव्हती, छत्रीसुद्धा उसनी. टपरी तोच चालवायचा हे घरातलं कोणी सांगणारं आहे का, असं त्यांनी विचारलं.  घरात त्या संध्याकाळनंतर तिच्याशी कोणी धड बोललंही नव्हतं.

तेव्हा दाराशी हालचाल झाली. तिचा नवरा उभा होता, कामाचा मळका सदरा घातलेला, कमरेला हत्यारांचा पट्टा तसाच. नंतर तिला कळलं की तो बराच वेळ फाटकाबाहेर स्कूटरवर बसून होता. आत यावं की न यावं, हे त्याचं ठरत नव्हतं. शिपायाने हटकलं तेव्हा तो परत जायलाही निघाला होता.

"टपरी मीच लावून दिली होती," तो म्हणाला.  "टेबल मी माझ्या खांद्यावरून नेलं. चालवायचा तो. माझा सख्खा भाऊ आहे. हिचा अंगठा त्याने चार-पाच वेळा लावून घेतला तेव्हा मी तिथेच उभा होतो. मला वाटलं, यंत्र बिघडलंय. मी म्हटलंसुद्धा, आण, उघडून बघतो."

एवढं बोलून तो भिंतीला टेकला. ताई त्याच्यावर अजूनही रागावलेली होती. घरात मिटवू म्हणाला होता, ते ती इतक्यात विसरणार नव्हती. पण तिने बाकावरची आपली पिशवी उचलली आणि त्याला बसायला जागा केली.

पुढचं सगळं कूर्मगतीने झालं, पण झालं. दिराला ताब्यात घेतलं. त्याने आधी कानावर हात ठेवले, मग ज्याला सिमकार्डं पुरवली होती त्याचं नाव सांगितलं. तो समजूतदार आवाजाचा माणूस दुसऱ्याच शहरात एका भाड्याच्या खोलीत सापडला, आणखी चौघांसह. शिवणवाल्या बाईंचं गेलेलं सगळं परत आलं नाही, काही आलं. हात मात्र बरा झाला. ताईचे ते पाचही नंबर कायमचे बंद झाले.

सासूबाई आपली गाठोडी बांधून धाकट्याच्या घरी राहायला गेल्या. नातवंडांना कोणीतरी पाहायला हवं, असं म्हणाल्या. जाताना ताईशी बोलल्या नाहीत. ताईने त्यांची औषधं वेळेप्रमाणे डब्यांत भरून दिली, वर चिकटपट्ट्या लावल्या, आणि तीही बोलली नाही. व्यवस्थापकाने एकदा तिला बोलावून सुचवलं की पोलीस प्रकरण निवळेपर्यंत रजेवर जावं, तलावाचं नाव खराब होतं. तिने त्याला सांगितलं की तलावाच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते आधी तपासा, मग रजेचं बोलू. तो विषय पुन्हा निघाला नाही.

एका दुपारी तलाव रिकामा असताना धाकटी जाऊ आली. एकटीच. ताईला वाटलं, भांडायला आली असेल. नवरा आत आहे, सासू घरात आहे, लोक बोलतात, या सगळ्याचं खापर फोडायला एक डोकं हवंच. ती हातपाय ताठ करून उभी राहिली.

जावेने पर्समधून फोन काढला आणि पुढे धरला. 

"ताई, मी पण बघितलं," ती म्हणाली. "माझ्या नावावर सात निघाली. एक माझं. बाकीची सहा..."

ती काठावरच्या ओल्या फरशीवर मटकन बसली, चांगल्या कपड्यांचा विचार न करता. त्या संध्याकाळी दाराशी मान खाली घालून उभी होती तेव्हापासून तिला संशय होता, असं तिने हळूहळू सांगितलं. टपरीच्या दिवसांत नवऱ्याने तिचाही अंगठा असाच लावून घेतला होता. तेव्हा ती खूश झाली होती. नवऱ्याच्या धंद्यात आपलं नाव कशाला तरी लागतंय, म्हणून.

"आईंना सांगितलंस?"

"सांगितलं. त्या म्हणाल्या, गप्प बस, आधीच कमी झालंय का."

"मग?"

"मग मी म्हटलं, तुमच्या मुलाच्या अंगावर आणखी सहा येतील म्हणून मी आयुष्यभर सहा जणांच्या पापाची धनी होऊ का?" जाऊ थांबली. आपल्याच तोंडून असं काही निघालं याचं तिला अजून नवल वाटत असावं. "त्यांनी जेवण केलं नाही. मी मुलांना वाढलं, आईंचं ताट झाकून ठेवलं आणि इकडे आले."

ताई तिच्या शेजारी बसली. तिने फोन हातात घेतला, पाहिलं आणि तसाच परत दिला.

"खुणा तूच कर," ती म्हणाली. "मी नुसती बसते."

जावेने एकेक नंबर मोठ्याने वाचला आणि प्रत्येकापुढे खूण केली. तिसऱ्या नंबरापासून ती ताईकडे न पाहताच वाचू लागली. सगळं झाल्यावर ती विचारू लागली की त्या अधिकारी बाई दुपारच्या असतात का, आणि तिथे काय काय विचारतात. ताईने तलावाच्या खोलीला कुलूप लावलं आणि दोघी चालतच निघाल्या. वाटेत कोणीतरी ओळखीचं भेटलं आणि कुठे निघालात म्हणून विचारलं. ताई उत्तर देणार एवढ्यात जाऊच बोलली.

"पोलीस ठाण्यात," ती म्हणाली, नेहमीच्या आवाजात. "माझं काम आहे."